छर्ऱ्यांचं लाटणं

हंबीररावांना कळता कामा नये, हे यज्ञेश्वरपंत वाटव्यांचं सगळ्यात आधी ठरलं. काय करायचं ते मागाहून ठरलं.

हंबीरराव म्हणजे शेजारी. मंगळवार पेठेत दोघांची घरं भिंतीला भिंत लावून होती. उद्यमनगरात हंबीररावांची ओतकामाची भट्टी होती, आणि एखादी वस्तू त्यांनी हातात घेऊन नुसती उलटीसुलटी करून पाहिली, तरी महिन्याभरात तिची जुळी बहीण त्यांच्या भट्टीतून बाहेर पडते, अशी पेठेत ख्याती होती. ती खरी होती की नाही, हे यज्ञेश्वरपंतांनी कधी तपासलं नव्हतं. पण शाळेच्या ग्रंथालयात हयात गेल्यामुळे, पुस्तक नेऊन परत न करणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असतो, हे त्यांना पाठ होतं. हंबीररावांचा चेहरा त्याच घडणीचा होता.

सुरुवात झाली ती वर्तमानपत्राच्या कडेवरून. एका सकाळी पंतांनी अग्रलेख संपवून डोकं वर काढलं, तर स्वयंपाकघरात विमलाबाई पोळी लाटता लाटता थांबलेल्या दिसल्या. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट दाबून धरलं होतं आणि डोळे मिटले होते. मग त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि पुन्हा लाटायला घेतलं. दुसऱ्या दिवशीही तेच.

दुसरा एखादा नवरा असता तर सरळ विचारता झाला असता. पण विचारायचं म्हणजे विषय काढायचा, आणि विषय काढणं यज्ञेश्वरपंतांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं. शिवाय विचारलं आणि विमलाबाई म्हणाल्या, की इतकी वर्षं तुमच्या पोळ्या लाटून दुखतंय, तर पुढे काय बोलायचं? त्यापेक्षा गुपचूप काही उपाय करावा आणि एक दिवस तो त्यांच्या पुढ्यात ठेवावा, हे बरं.

दोष लाटण्यात आहे, हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं. म्हणजे तसं त्यांना वाटलं. लाटणं हलकं असतं, म्हणून हाताला दाब द्यावा लागतो. शिवाय ते सबंध फिरतं, म्हणून तळहाताशी घासतं. तेव्हा लाटणं मुळातच जड हवं, त्याला दोन्हीकडे मुठी हव्यात, आणि मुठी जागच्या जागी राहून मधलं पोट तेवढं गरगर फिरायला हवं, सायकलच्या चाकासारखं, छर्ऱ्यांवर. शाळेच्या जुन्या विज्ञानाच्या पुस्तकातलं घर्षणाचं प्रकरण त्यांनी पुन्हा वाचून काढलं. त्यात विरोधात काही सापडलं नाही.

हजारो वर्षं बायका लाटताहेत आणि हे कुणालाच सुचलं नाही, याचा त्यांना आधी अभिमान वाटला आणि मग संशय आला. इतकं सोपं असतं तर कुणाला तरी सुचलंच असतं. त्या अर्थी कल्पनेत काहीतरी खोट असावी. किंवा मग ज्याला ज्याला ती सुचली, त्याच्या त्याच्या शेजारी एकेक हंबीरराव राहत असावा.

विमलाबाई अंबाबाईला गेल्या असताना त्यांनी घरातल्या लाटण्याचं माप घेतलं. वजनासाठी मात्र ते छत्रीत लपवून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात न्यावं लागलं. दुकानदारानं लाटणं पारड्यात ठेवलं, पंतांच्या कपाळाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, वजन कशाला करताय? लागल्यावर कळतंय की."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. त्यामुळे संध्याकाळपर्यंत मंगळवार पेठेला कळलं, की वाटवे मास्तरांना घरात मार बसतो. पंत रस्त्यानं निघाले, की ओळखीचे लोक आधी त्यांच्या डोक्याकडे बघत आणि मग नमस्कार करत. हंबीररावांच्या बाळाबाईंनी वाटीतून आंबेहळद उगाळून पाठवली. विमलाबाईंना ती कशाची, हे कळेना, म्हणून त्यांनी ती पायाच्या भेगांना लावली. खुद्द हंबीररावांनी परसातल्या भिंतीवरून सल्ला दिला.

"मास्तर, बायकोम्होरं नमतं घ्यावं माणसानं. आमी बी घेतोय. न्हाय कोण म्हंतंय?"

आता हा सल्ला होता, की लाटण्याचा सुगावा लागून खडा टाकून पाहणं होतं? यज्ञेश्वरपंतांनी पुष्कळ विचार केला आणि दुसरंच खरं धरलं. तेव्हा काम गावात करून घेण्यात अर्थ नव्हता. कोल्हापुरातला प्रत्येक कातारी कधी ना कधी हंबीररावांबरोबर चहा प्यालेला असणार. म्हणून त्यांनी उचगाव गाठलं. म्युनिसिपालटीची बस पकडून गेलं की वेशीलगतच गुंडू कातारी पाळण्याचे खांब आणि बाजेचे पाय कातत बसलेला असे.

पण गुंडूचा तरी काय भरवसा? सगळी कल्पना एकाच माणसाला सांगायची नाही, असं पंतांनी ठरवलं. लाकडी पोट गुंडूकडे. मुठी दुसऱ्या गल्लीतल्या सुताराकडे. छर्रे आणि आस सायकलच्या दुकानातून. कुणालाच काही कळणार नाही. कागदावर आकृती द्यायची तर तीही धोक्याची, म्हणून त्यांनी माप तोंडी सांगितलं. लांबी दीड वीत, जाडी मुठीत मावेल इतकी, आणि मधून आरपार पोकळ.

"पोकळ? कशाला वो पोकळ?" गुंडूनं विचारलं.

"एका नातेवाइकांना हवंय," पंत म्हणाले. हे खोटं नव्हतं, पण खरं असल्यासारखं ते त्यांच्या तोंडून आलं नाही. गुंडूनं काम हातात घेतलं आणि डोळे मात्र पंतांवरच ठेवले.

वीत कुणाची, हे पंत सांगायला विसरले. पुस्तकांची पानं उलटण्यापलीकडे हाताला काम नसलेल्या माणसाची वीत आणि आयुष्यभर पटाशी धरलेल्या माणसाची वीत यांत किती फरक असतो, हे त्यांना आठ दिवसांनी कळलं. गुंडूनं आपल्या वितीनं आणि आपल्या मुठीनं कातलं होतं. ते पोट लाटण्याचं नव्हतं, एखाद्या उखळातल्या मुसळाचं होतं. दुसऱ्या गल्लीतल्या सुतारानं मुठी पंतांच्या हाताच्या केल्या होत्या. त्या पोटाच्या भोकात शिरल्या आणि आतच राहिल्या.

अशा खेपा वाढत गेल्या. दुपार व्हायची, पोटात कावळे ओरडायचे, म्हणून पंत गुंडूच्या शेजारच्या तानाबाईंच्या खानावळीत टेकू लागले. तिथं त्यांना आणखी एक फायदा दिसला. तानाबाई चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत आणि मागणाऱ्याला चपात्या लाटून देत. मनगटाची नेमकी हालचाल अभ्यासायला याहून चांगली जागा नव्हती. घरी टक लावून बघता येत नसे. विमलाबाई लगेच विचारत, काय बघताय? पंत चुलीसमोरचा पाट धरून बसत, चपात्या मागवत आणि जेवण निवेपर्यंत तानाबाईंच्या हातांकडे पाहत राहत.

तानाबाईंना हा माणूस सरकारी वाटला. कपडे स्वच्छ, बोलणं कमी, नजर पिठावर. भेसळ बघणारा साहेब असणार, दुसरा कोण? त्यांनी त्याला तूप सढळ वाढायला सुरुवात केली. अख्ख्या मसुराची दुसरी वाटी न मागता येऊ लागली. नको म्हटलं की तानाबाई म्हणत, "घ्या की पावणं, आमचं सगळं चोख हाय." पंतांना वाटलं, उचगावची माणसं फार प्रेमळ.

आणि नेमका हाच प्रसंग, म्हणजे तानाबाई वाकून तूप वाढताहेत आणि पंत त्यांच्या मनगटाकडे एकटक पाहताहेत, असा, हंबीररावांनी रस्त्यावरून मोटारसायकल हळू करून पाहिला. ते बाळाबाईंना बोलले. बाळाबाईंच्या पोटात काही राहत नसे.

घरी विमलाबाईंना हे सगळं दुसऱ्या टोकानं दिसत होतं. आधी एक सकाळभर लाटणं नाहीसं झालं. मग नवरा पोळी उजेडाकडे धरून बघू लागला. एकदा तर त्यांनी त्याला फूटपट्टीनं पोळी मोजताना धरलं. जाड झाली का, त्यांनी विचारलं. नाही म्हणाला. कच्ची राहिली का? नाही, नाही. मग दुपारच्या पोळ्या तशाच उरायला लागल्या. भूक नाही म्हणू लागला, आणि सदऱ्याच्या बाहीला तुपाचा डाग. त्यांच्या घरात तूप वाढायला बोटभरसुद्धा नव्हतं. पुस्तकांच्या फळीवरची धूळ झटकताना शब्दकोशाच्या मागून डबी निघाली, तिच्यात तेलकट छर्रे. सायकल तर या माणसाला चालवता येत नव्हती. त्यात बाळाबाई येऊन उचगावची हकीकत सांगून गेल्या, वर म्हणाल्या, पुरुषाची जात, ताई, दात पडले तरी जिभंचं काय.

विमलाबाईंनी भांडण केलं नाही. त्यांनी पोळ्या बंद केल्या. भात टाकायचा, आमटी करायची, ताट वाढून सरकवायचं आणि खिडकीशी जाऊन बसायचं. यज्ञेश्वरपंत मनात चरकले. मनगट आता लाटण्यापलीकडे गेलं, असा त्यांनी अर्थ लावला, आणि उचगावच्या खेपा दुप्पट केल्या.

अखेर लाटणं तयार झालं. गुंडूनं पोट पुन्हा कातलं, मुठी बसल्या, छर्रे बसले, वर ग्रीस लागलं. जडपणासाठी आतल्या पोकळीत पंतांनी स्वतः बारीक वाळू भरली. लाटणं जुन्या धोतरात गुंडाळून ते बसमध्ये बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण काहीतरी केलं, या भावनेनं खिडकीबाहेर पाहू लागले. बस जकात नाक्यावर थांबली.

नाक्यावरच्या कारकुनानं बसमधून फेरी मारली आणि तो धोतराच्या गुंडाळीपाशी थांबला.

"काय हाय ह्यात?"

"काही नाही," यज्ञेश्वरपंत म्हणाले. मागच्या बाकावर उद्यमनगरातली दोन माणसं बसली होती, म्हणून त्यांना मोठ्यानं सांगता येईना. पण जकात नाक्यावर 'काही नाही' म्हणण्यासारखा गुन्हा नाही. त्यांना खाली उतरवण्यात आलं. गुंडाळी टेबलावर सुटली.

कारकुनानं ती वस्तू हलवली. आत खरखर वाजलं.

"काय वाजतंय?"

"वाळू."

"शारात वाळू न्हाय व्हय, पावणं? उचगावसनं आणायलाय?"

तो आत जाऊन मोठ्या कारकुनाला घेऊन आला. मोठ्यानं हुंगून पाहिलं. दारूचा वास येईना, तेव्हा त्याचा संशय आणखी वाढला. मग हे जकातीच्या कोणत्या कलमात बसतं, यावर दोघांचा खल सुरू झाला. लाकडी सामान म्हणावं तर फिरतं. यंत्राचा भाग म्हणावं तर कुठल्या यंत्राचा, ते सांगा. घरगुती वापराची वस्तू म्हणावी तर असली वस्तू कुणाच्या घरात आहे? पंतांनी अखेर कानाशी लागून 'लाटणं' हा शब्द उच्चारला. मोठा कारकून म्हणाला, लाटणं आमच्या बी घरात हाय, ते असं नसतंय. लाटून दाखवा.

टेबलावर पीठ नव्हतं, पोळपाट नव्हता. पावतीपुस्तक बाजूला करून यज्ञेश्वरपंत वाटवे, निवृत्त ग्रंथपाल, हे मोकळ्या टेबलावर हवेची पोळी लाटू लागले. बसमधली माणसं खिडक्यांतून बघत होती. एक म्हातारी म्हणाली, नीट गोल येऊ द्या.

त्याच वेळी भट्टीसाठी आलेल्या मालाची जकात भरायला हंबीररावांची मोटारसायकल नाक्यावर येऊन थांबली.

"सोडा वो, आमचं मास्तर हाईत," हंबीरराव मोठ्यानं म्हणाले आणि कारकुनांच्या हातातून त्यांनी ती वस्तू घेतली. उलटी केली. सुलटी केली. मुठी धरून पोट फिरवलं. पंत त्यांच्या बोटांकडे श्वास रोखून पाहत होते. मालक समोर उभा आहे आणि चोर त्याचंच सामान मोजून बघतोय, असा तो देखावा होता.

"कुणी केली ही? तालमीसाठी मुद्गल काढलाय व्हय?"

पंतांनी वस्तू काढून घेतली आणि धोतरात गुंडाळली. कारकुनांनी मुद्गल हा शब्द पकडला, कसरतीचं सामान असं लिहिलं आणि मोकळं केलं. बस निघून गेली होती. हंबीररावांच्या मागे मोटारसायकलवर बसून, महिनाभर जे त्यांच्यापासून लपवलं ते त्यांच्याच पाठीला टेकवून, यज्ञेश्वरपंत घरी आले. वाटेत हंबीरराव एक शब्द बोलले नाहीत. एवढ्या बोलक्या माणसाचं गप्प बसणं पंतांना अजिबात आवडलं नाही.

घरात शिरले तर मधल्या खोलीत पिशवी भरलेली. विमलाबाई नेसून तयार होत्या.

"मलकापूरला जाते. अक्काकडे," त्या म्हणाल्या. "दुपारची गाडी आहे. परत कधी येईन ते अजून ठरवलं नाही. तुमच्या जेवणाची काळजी आता मला नको. उचगावला चांगली सोय आहे, ऐकलं मी."

यज्ञेश्वरपंतांना बोलायचं पुष्कळ होतं. त्याऐवजी त्यांनी धोतराची गुंडाळी सोडली आणि लाटणं विमलाबाईंच्या पुढ्यात ठेवलं. ठेवायचं असं नव्हतं. पोळपाटाजवळ, सकाळच्या उन्हात, सहज ठेवायचं, असं त्यांनी मनात योजलं होतं.

"हे काय?"

"लाटणं. छर्ऱ्यांवर फिरतं. तुमचं मनगट दुखतं म्हणून... उचगावला कातारी आहे. खानावळीत नुसता हात कसा फिरतो ते बघायला जात होतो."

विमलाबाईंनी पिशवी बाजूला सरकवली, पीठ घेतलं, चिमूटभर कणीक भिजवली, गोळा केला आणि बसल्या. त्यांचा विश्वास बसला होता असं नाही. नवऱ्यानं सांगितलेली गोष्ट खरी की खोटी, हे पीठच सांगेल, असा त्यांचा हिशेब असावा.

त्यांनी मुठी धरून जरासं पुढे लोटलं. लाटणं हातातून निसटून छर्ऱ्यांवर जे सुटलं, ते गोळ्यावरून, पोळपाटावरून, पुढे ठेवलेल्या पाण्याच्या तांब्यावरून गेलं, तांब्या लवंडला, आणि लाटणं भिंतीशी जाऊन थांबलं. गोळा त्याच्या पोटाला लपेटून बरोबर गेला होता. त्यावर ग्रीसचा काळा पट्टा होता. आतली वाळू उगीचच खरखर करत राहिली.

विमलाबाईंनी गोळा सोलून काढला. तो नवऱ्याला दाखवला नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

"मनगट लाटण्यानं दुखतं, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मी पाहिलं. लाटताना तुम्ही थांबला होतात."

"थांबले, तेव्हा तुम्ही पेपरातून डोकं वर काढलंत. त्याच्या आधी अर्धा तास मी कणीक तिंबत होते. तेव्हा कुठं होतात?"

"अग्रलेखात," यज्ञेश्वरपंत खरं ते बोलले.

"रेशनचा गहू आहे हा. मळता मळता हात मोडून येतो, तरी कणीक एकजीव होत नाही. लाटायला बसते तेव्हा तर कुठं हाताला आराम पडतो." त्या उठल्या. "आणि हे मला विचारायचं सोडून उचगावच्या बाईचे हात बघावे लागले?"

त्यांनी पिशवी उचलली. यज्ञेश्वरपंतांनी काही ठरवलं नाही. त्यांना पुढचं काही सुचत नव्हतं, म्हणून ते परातीशी जाऊन बसले आणि त्यांनी डब्यातलं पीठ परातीत घेतलं. पाणी ओतलं. पाणी जास्त झालं. त्यावर पीठ टाकलं. ते घट्ट झालं, म्हणून पाणी. मग सैल, म्हणून पीठ. विमलाबाई उंबऱ्यात उभ्या राहून पाहत होत्या. डबा रिकामा झाला तेव्हा परातीत कणकेचा एक डोंगर होता आणि पंत त्यात कोपरापर्यंत रुतले होते. ते सगळ्या अंगानं तिंबत होते, आणि दम लागला असूनही थांबत नव्हते, कारण थांबलं की मान वर करावी लागली असती.

गाडीची वेळ झाली होती. विमलाबाईंनी परातीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, पुन्हा परातीकडे पाहिलं. भिजवलेली कणीक घरात तशीच टाकून बाईनं गावाला जायचं नसतं. त्यांच्या आईनं कधी टाकली नव्हती, अक्कानं टाकली नसती. आणि ही कणीक उन्हाळ्याची, रात्रीपर्यंत आंबणार.

त्यांनी पदर खोचला, स्टो पेटवला, आपलं जुनं लाटणं घेतलं आणि लाटायला बसल्या. दोन माणसांना ती कणीक आठ दिवस सरली नसती. पोळ्यांची चळत वाढू लागली, तेव्हा त्यांनी बाळाबाईंना हाक मारली. बाळाबाई आल्या, हंबीररावांना घेऊन आल्या, मागून किराणा दुकानदारही आला. सगळे आधी घरभर नजर फिरवून बसले. मास्तरांच्या दोन्ही हातांना कणीक लागलेली पाहून दुकानदार हळूच म्हणाला, बघा, नमतं घेतलं की. हंबीरराव गुळाबरोबर मुकाट्यानं पोळ्या खात राहिले. भिंतीशी पडलेल्या छर्ऱ्यांच्या लाटण्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही, आणि यज्ञेश्वरपंतांच्या मते यासारखा दुसरा पुरावा नव्हता.

माणसं गेल्यावर विमलाबाई पोळपाट पुसत होत्या.

"एवढं पाणी मुद्दाम ओतलंत ना?" त्यांनी वर न बघता विचारलं. "गाडी चुकावी म्हणून?"

यज्ञेश्वरपंतांनी मनाशी प्रामाणिकपणे शोधलं. तसं काही त्यांना सुचलं नव्हतं, सुचणं शक्यही नव्हतं. पण त्यांच्यावर हुशारीचा संशय घेणारं माणूस त्यांना आजवर भेटलं नव्हतं. म्हणून ते गप्प राहिले.

विमलाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. मग रिकामी परात धुऊन भिंतीला टेकवली.

"उद्या पाणी मी ओतेन," त्या म्हणाल्या. "तुम्ही नुसतं तिंबायचं."